दाराशेजारचा माळढोक

श्रीगोंदे,
फेब्रुवारी १९७४

प्रिय शाम,

दिवाळी नाही, भाऊबीज नाही आणि ताईचं पत्र कसं, म्हणून घाबरू नकोस. अण्णा ठणठणीत आहेत. रिटायर झाले तरी हेडमास्तरकी सुटलेली नाही. गल्लीतल्या पोरांचे पाढे घेतात आणि माझी भाकरी कडेला कच्ची राहिली की शेरा मारतात. तू शाळेच्या पत्त्यावर पाठवलेलं सरोजचं चित्र मिळालं. कुंकू जरा मोठंच काढलंयस, सिनेमाच्या बोर्डांची सवय! ड्रॉइंगच्या तासाला मुलींना दाखवलं, कुणाचं ते मात्र सांगितलं नाही.

बातमी अशी की तुझी बहीण छापून आली आहे. म्हणजे माझं चित्र. आपल्याकडचे माळढोक संपत चालले म्हणून नगरच्या काही मंडळींनी गावोगाव चित्रं लावायचं ठरवलं आणि काम माझ्याकडे आलं. माळ नांगरले जातायत, जीपमधून बंदूकवाले येतात, त्यात दुष्काळ होऊन गेला. पाखरं दिसेनाशी झाली आहेत रे. मी अगदी जीव ओतून काढलं. अंडाकृती चौकटीत समोर बघणारा ऐटबाज माळढोक, भोवती काळी नक्षीदार किनार. खालची ओळ अण्णांनी दिली, 'याला कधी विसरू नका'. बापलेक दोघंही स्वतःवर इतके खूश होतो की विचारू नकोस.

मग मिरजगावच्या पलीकडं एका गावात अण्णांचं भाषण ठरलं. एसटीनं गेलो. ग्रामपंचायतीत पाऊल टाकलं तर माझ्या माळढोकाला झेंडूचा हार, खाली उदबत्ती, आणि गावकरी टोप्या काढून गप्प बसलेले! हार तिथं झाडलोट करणाऱ्या गोजरबाईंनी घातला होता. पदर सावरत मला म्हणाल्या, "लई देखनं पाखरू हुतं वो. कवा गेलं?"

मी ओठ दाबून हसू आवरलं. त्यांचं तरी काय चुकलं? चौकटीतला चेहरा, काळी किनार, वर पुन्हा विसरू नका. आपल्याकडे घराच्या भिंतीवर असा जाऊन बसतो तो एक तर देव, नाही तर गेलेला माणूस. एवढी साधी गोष्ट आम्हा दोन मास्तरांच्या डोक्यात आली नाही. अण्णा मात्र भडकले. तो आवाज तुला ठाऊक आहे. "अहो, जिवंत आहे तो! अजून माळावर हिंडतोय! जित्याजागत्या जिवाला हार घालताना काही वाटत नाही?" आणि बोलता बोलता एकदम थांबले. मग स्टुलावर चढून हार स्वतःच काढला. गोजरबाई बिचाऱ्या म्हणाल्या, "मंग ब्येस झालं की मास्तर. जित्ता हाय, तर रागावता कशापायी?" अण्णा तसेच बाहेर पडले. भाषण राहिलंच.

ते का थांबले हे मला तिथंच कळलं. तुला कळायचं तर आजवर न लिहिलेलं एक लिहायला हवं. तू मास्तरकीवर लाथ मारून बोर्ड रंगवायला गेलास आणि परजातीतल्या सरोजशी लग्न केलंस, तेव्हा अण्णांनी तुझ्या नावानं आंघोळ केली, हे तुझ्या कानावर आलं असेलच. आंघोळीनंतर काय केलं ते तुला माहीत नाही. तुझा मॅट्रिकचा फोटो चौकटीत बसवून त्यांनी आईच्या फोटोशेजारी टांगला. मी रडले, भांडले, दोन दिवस जेवले नाही. फोटो हलला नाही. तेव्हापासून रोज पूजा झाली की अंगणातली तगरीची दोन फुलं तोडतात, एक आईला, एक तुला. आणि गंमत अशी की तुझ्या तोंडाकडे घटकाभर बघितल्याशिवाय त्यांचा चहा घशाखाली उतरत नाही. या माणसाचा मला संताप येतो आणि त्याहून जास्त दया येते.

त्या गावातून निघताना वाटेत एक लग्नघर लागलं. दाराच्या दोन्ही अंगांना हत्ती, मोर, भालदार काढत होते. बघता बघता डोक्यात लख्ख उजेड पडला. गेलेल्याची जागा आत भिंतीवर, येणाऱ्याचं स्वागत दाराशी. माळढोक दाराशेजारी काढायला हवा, चौकटीशिवाय, चालता, सोबत पिल्लू. गावातल्या बायापोरांनी स्वतःच्या हातानं काढावा इतका सोपा. मंडळींना पटलं. पहिला नमुना आपल्याच दाराशी काढायचं ठरवलं.

तुला आठवतं, अण्णा आपल्याला पहाटे माळावर घेऊन गेले होते? तिघं गवतात पालथे पडलो होतो आणि तो पांढरी मान ताठ करून पाटलाच्या तोऱ्यात समोरून गेला. घरी येऊन तू तो कोळशानं दाराशेजारी काढलास. आता मार बसणार म्हणून मी कोठीत दडले. पण त्या दिवाळीला अण्णांनी सगळ्या घराला चुना दिला तो तेवढी भिंत सोडून. पुढं दर वर्षी तसंच. तू गेलास त्या वर्षी तिच्यावरही चुना फिरला.

परवा मी तांबडी काव पाण्यात कालवली आणि त्याच जागी काढायला बसले. अण्णा मागं येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "मान बगळ्याची झाली. तू राहू दे. शाम काढील." एवढं बोलून आत गेले. इतक्या वर्षांत या घरात तुझं नाव कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं. माझ्या हातातला ब्रश तसाच राहिला. आत जाऊन बघते तर आईशेजारचा खिळा रिकामा. फोटो कुठं ठेवला हे मी विचारलं नाही. काल सकाळी अंगणातून एकच तगर आत आली.

म्हणून हे पत्र. लिही असं त्यांनी सांगितलेलं नाही, सांगणारही नाहीत, त्यांचा ताठा तुला माहीत आहे. पण कोल्हापूरहून इकडं यायला गाडी कुठं बदलावी लागते, हे कालपासून दोनदा विचारून झालंय. दुसऱ्यांदा विचारलं ते दोन माणसांच्या हिशेबानं. तेव्हा सरोजला घेऊन ये. जाडा ब्रशही आण, इथले केस सोडतात. मी काढलेली मान पुसून टाकली आहे. दाराशेजारची जागा रिकामी आहे.

तुझीच,
दमूताई