यार्डातले दिवे आणि आमचा नवा रिसीव्हर

सर, गेल्या शुक्रवारची न्याहारी मला फार महाग पडली. बिल पार्टनरनं दिलं, त्यामुळे खिशाला झळ लागली नाही. पण बीन्स-टोस्ट खायला बसताना माझ्याजवळ जे होतं, त्यातलं बरंचसं उठताना राहिलं नव्हतं. आमच्या लॉऱ्यांच्या यार्डात मोकळं हिंडायची मुभा गेली, ड्रायव्हर मला मान देतात ही समजूत गेली, आणि आपलं गुपित आपल्यापाशीच आहे हा भरवसाही गेला. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, आणि मी आज तुम्हाला लिहायला बसलोय, ते त्या न्याहारीमुळे. अजून सुन्नच आहे म्हणा ना.

आधी खेळ सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. इथे इंग्लंडात, स्लाऊत बसून आम्ही अमेरिकेतल्या एका फुटबॉल टीमचे भक्त आहोत. हा आपला फुटबॉल नव्हे. ह्यात चेंडू हातात धरून पळतात, मग त्याला फुटबॉल का म्हणतात ते मला विचारू नका. टीम निवडली ती जर्सीच्या रंगावरून, कारण आमच्या लॉऱ्यांचा रंग तोच. मुलगी लहान असताना रविवारी संध्याकाळी माझ्या मांडीवर बसून सामने बघायची, आणि माझ्याआधी नियम तिला पाठ झाले. दर वसंतात कॉलेजातल्या खेळाडूंची निवड होते, सगळ्या टीम पाळीपाळीनं एकेक गडी उचलतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. आमच्या टीमनं यंदा पहिल्याच फेरीत एक वाइड रिसीव्हर घेतला. हा गडी मैदानाच्या कडेला उभा राहतो, डाव सुरू झाला की सुसाट सुटतो, आणि डाव चालवणाऱ्या क्वार्टरबॅकनं पाठीमागून फेकलेला चेंडू मान वळवून झेलतो. हात लांब, पाय हरणासारखे. आणि दोन्ही कानांत हिअरिंग एड.

कान म्हटलं की मला तुम्हीच आठवता. मिरजेचं ते शाळेचं मैदान, पायाखाली लाल माती, आणि आम्ही खो-खोच्या पाटीत उकिडवे बसलेलो, एकाचं तोंड इकडे तर दुसऱ्याचं तिकडे. तुम्ही अनवाणी आमच्या पाठीमागून चालताय आणि विचारताय, "मी कुठे आहे? न बघता सांग." मी सांगतो. तुम्ही पुन्हा जागा बदलता, मी पुन्हा सांगतो. "तिखट कानाचा आहेस रे," एवढंच तुम्ही म्हणालात आणि मला संघात घेतलंत. एकदा खो मिळायच्या आधीच उठलो, तर पाठीत असा धपाटा घातलात की घरी जाईपर्यंत बोटं उमटलेली होती. त्या कानांवर मी संसार उभा केला, सर. हाउन्सलोला राहून विमानतळावर सामान चढवत होतो, तेव्हा कॅन्टीनच्या पलीकडच्या टेबलावर कोण कुठला धंदा सोडतोय हे मला ऐकू यायचं. पहिली व्हॅन घेतली ती तशीच, पहिलं गिऱ्हाईकही तसंच मिळालं. इंजिनाच्या आवाजावरून गाडी कोणाची, ड्रायव्हर कोण आणि त्याचं बायकोशी भांडण झालंय का, हे मी सांगायचो. आणि भेटेल त्याला ऐकवायचो, की आमच्या सरांनी साठ पोरांमधून मला वेचून काढला होता.

हिवाळ्यात कान तपासून घेतले. मुद्दाम हाउन्सलोला जाऊन, स्लाऊत कोणी बघायला नको म्हणून. तपासणाऱ्या बाईंनी सांगितलं, जाड आवाज ठीक आहेत, बारीक गेलेत, उजवीकडचे तर जवळजवळ सगळे. मी मशीन घेतलं नाही आणि घरी काही बोललो नाही. का, ते सांगतो. आता फर्म मुलगी चालवते, आणि तिनं नियम केलाय की ज्याला नीट ऐकू येत नाही त्यानं यार्डात पायी हिंडायचं नाही, मग तो कोणीही असो. लॉरी मागे येते तेव्हा जो बारीक बीप वाजतो, तो ऐकू आलाच पाहिजे. त्या नियमाखाली सही माझी आहे, मोठ्या कौतुकानं केलेली. पण सकाळी यार्डात एक फेरी मारली नाही तर माझा दिवस उजाडत नाही, सर. ऑफिसातल्या खुर्चीत मी कोण? एक म्हातारा. यार्डात मी मालक. ड्रायव्हरसुद्धा हल्ली मला बघून हेडलाइट लुकलुकवायचे, सलाम केल्यासारखे. मीही हात वर करायचो, मंत्र्यासारखा.

तर शुक्रवारी सकाळी ट्रेडिंग इस्टेटजवळच्या कॅफेत आम्ही चौघं. मी, मुलगी, तीस वर्षांपासूनचा माझा पंजाबी पार्टनर, आणि ट्रान्सपोर्ट मॅनेजर, जो वेल्सचा आहे आणि फोनवर आकडे वाचल्याशिवाय ज्याला घास उतरत नाही. ड्राफ्टची बातमी ताजी होती.

"पहिल्या फेरीत?" पार्टनर काटा नाचवत म्हणाला. "यार, पहिल्या फेरीत घोडा घेतात, आणि ह्यांनी बहिरा घोडा घेतला!"

"त्याचं पळणं बघितलंत का?" मॅनेजर म्हणाला. "आणि एवढं स्टेडियम बोंबलत असतं, तिथे कोणाला काय ऐकू येतं? कडेचा गडी चेंडू हलला की पळतो. डोळ्यांनी खेळतो तो, कानांनी नाही."

"आणि ऐन वेळी डाव बदलला तर? क्वार्टरबॅक ओरडतोय डावीकडे जा, आणि हा चाललाय उजवीकडे. परत पाठवा त्याला. ज्याला ऐकू येत नाही त्यानं जिथे माणसं अंगावर येतात तिथे उभंच राहू नये," पार्टनर म्हणाला.

हे ऐकून मी जो सुटलो, सर! केचपची बाटली, ब्राऊन सॉस, व्हिनेगर, मीठ, मिरी, साखर, शेजारच्या टेबलावरचंही दोन-तीन ओढून घेतलं आणि टेबलावर खो-खोची पाटी मांडली. म्हटलं, हे बघा, पाटीतला गडी नुसत्या कानांनी ऐकतो होय? तो पायानं ऐकतो, जमीन हलते ती त्याला कळते. समोरच्याचे डोळे कुठे वळले ते तो बघतो. सावली बघतो. एक इंद्रिय गेलं तर माणूस बाकीची राखून असतो. त्या पोराला काय अक्कल नाही? आणि ह्या बाबतीत मला शिकवू नका, मला—

"साठ पोरांतून निवडला होता," पार्टनर आणि मॅनेजर एका सुरात म्हणाले. "दर दिवाळीला ऐकतो आम्ही."

हसले दोघं. मुलगी हसली नाही. तिनं मिठाची बाटली उचलून जागेवर ठेवली आणि तिच्या मोडक्या मराठीत बोलली. ती मराठीत बोलली की समजावं, गोष्ट गंभीर आहे.

"बाबा, तुम्ही त्या प्लेअरबद्दल बोलता की तुमच्याबद्दल?"

"म्हणजे?"

"मला माहीत आहे. फेब्रुवारीपासून माहीत आहे. लोडिंग बे नंबर दोनला लॉरी मागे येत होता, बीप चालू होता, आणि तुम्ही त्याच्याकडे पाठ करून फोन बघत होते. ड्रायव्हरने मिररमध्ये बघितलं म्हणून. बाबा, एवढंसंच राहिलं होतं." तिनं बोटांनी दाखवलं, टोस्टएवढं अंतर. "त्या दिवशी तो कॅबमधून उतरला आणि उलटी केली. मला म्हणाला, मला दुसऱ्या साइटवर टाका."

मला ह्यातलं काहीही आठवत नाही, सर. ती फेब्रुवारीची सकाळ माझ्यासाठी कुठल्याही सकाळीसारखी गेली. मी घरी आलो असेन, जेवलो असेन, झोपलो असेन. माणूस मरता मरता वाचतो आणि त्याला पत्ताच नसतो, हे मी आजवर दुसऱ्यांच्या बाबतीत ऐकलं होतं.

"मग मी सगळ्यांना सांगितलं," ती म्हणाली, "बाबा यार्डमध्ये असले तर गाडी हलवायच्या आधी लाइट फ्लॅश करायचा."

मी पार्टनरकडे बघितलं. तो बीन्स मोजत होता. मॅनेजरकडे बघितलं, त्यानं फोन उलटा करून ठेवला. मराठी त्यांना येत नाही, पण काय चाललंय ते दोघांनाही कळत होतं.

"तुलाही माहीत होतं?" मी पार्टनरला विचारलं.

"सगळ्या स्लाऊला माहीत आहे, भाऊ."

"आणि तरी तू मघाशी म्हणालास, परत पाठवा त्याला?"

"म्हणूनच म्हणालो!" त्याचा आवाज चढला. कॅफेतल्या दोघातिघांनी वळून बघितलं. "तुला तोंडावर सांगायची हिंमत नव्हती, त्या पोराला शिव्या घालणं सोपं होतं. तू इतके दिवस हात हलवत होतास, भाऊ, आणि आम्ही वरून खिडकीतून जीव मुठीत धरून बघत होतो."

मला राग यायला हवा होता. आला नाही. खांबाजवळ पोचता पोचता पाठीवर थाप पडावी आणि कोणी मारली तेही कळू नये, तसं झालं.

मुलीनं टिश्यूनं टेबल पुसलं आणि इंग्रजीत, मालकिणीच्या आवाजात सांगितलं, "सोमवारपासून तुम्हाला यार्ड बंद. मशीन लावा, टेस्ट पास करा, मग या. बाकीच्यांना जो रूल तोच." नंतर हळूच मराठीत, "त्याला पण मशीन आहे ना बाबा. तो लावतो. लपवत नाही."

नियमाखाली सही माझी होती.

सोमवारी मशीन बसवलं. आज वरच्या मजल्यावर, काचेआड बसून हे लिहितोय. खाली गाड्या हलतायत आणि दिवे कोणी लावत नाही, कारण मी तिथे नाही. टेस्ट पुढच्या आठवड्यात आहे, पास होईन की नाही ते त्या बाईंनाही सांगता येत नाही. मशीननं सगळंच सारखं मोठं होतं, कागदाची सळसळ आणि माणसाचं बोलणं एकाच भावात. पलीकडच्या खोलीत पार्टनर अजून त्या रिसीव्हरवरून मॅनेजरशी भांडतोय. म्हणतोय, कान जाऊ देत रे, पण पोराचे गुडघे बघितलेस का!

हे पत्र कुठे टाकणार? मिरजेत तुमच्या घरी आता कोण राहतं तेही मला माहीत नाही. पण एक गोष्ट तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही. आज सकाळी खाली मुलीनं नव्या ड्रायव्हरांना सेफ्टीचं भाषण दिलं, आणि त्यात तुमची गोष्ट सांगितली. पाठीमागून अनवाणी चालणारे सर, साठ पोरं, आणि त्यातून निवडलेला तिचा बाप. जिन्यात उभा राहून मी शब्द न् शब्द ऐकला, आणि मध्ये बोललो नाही. तुम्हाला तर माहीतच आहे, सर. त्या दिवशी निवडीला आम्ही नऊच पोरं आलो होतो, आणि संघाला नऊच लागतात.