उजवीकडचा लाल दिवा

प्रिय धाकल्या,

प्रिय लिहिलंय ते सवयीने, फार हुरळून जाऊ नकोस. बाबांचं ऑपरेशन मंगळवारी झालं. गाठ सगळी निघाली, जिवाचा धोका टळला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. ज्या माणसाने तीस वर्षं शाळेच्या मैदानावर भोंग्याशिवाय कवायत घेतली, तो आता पाटीवर लिहून पाणी मागतो. हे पत्राने कळवतेय, कारण सोमवारपासून माझा फोन तू उचलत नाहीस.

राउटर तूच बसवलास. आपलं घर टेकडीच्या पाठीला, मोबाइलला रेंजच नाही, म्हणून गच्चीवर अँटेना लावलास, तुझ्या नावाचं सिम घातलंस आणि मला तीन दिवे समजावलेस. डावा विजेचा, मधला टॉवरचा, उजवा इंटरनेटचा. मी मान डोलावली आणि विसरून गेले. घरात टॉवरवर चढणारा भाऊ असताना असलं कोण लक्षात ठेवतं? रोज सहाला बाबा तुझ्याशी व्हिडिओवर बोलायचे, तेवढ्यावर त्यांचा दिवस निघायचा. मग ऑपरेशनची तारीख ठरली आणि दोनच दिवसांत उजवा दिवा लाल झाला.

मी कारखान्यातून तुला फोन केला. तू म्हणालास, लाल म्हणजे रेंज कमी, डबा हलवून बघ. मग काय, हलवला. फ्रिजवर ठेवला, खिडकीत ठेवला, दोरीने गजाला बांधला. दिवसभर शिलाई मशिनवर पाठ मोडून यायचं आणि स्टुलावर चढून कपाटाच्या टोकाला तो डबा टेकवायचा. एकदा स्टूल सटकलं, गुडघा अजून दुखतो. रोज तुला सांगायची, रोज तू नवीन जागा सुचवायचास. माझ्या गुडघ्यावर हसलासही. तीन आठवडे मी घरभर डबा नाचवला आणि वर तुझे आभार मानले.

आणि बाबा काय करत होते, ते ऐक. डॉक्टरांनी कमी बोला सांगितलं होतं. उरलेला आवाज तुझ्यासाठी राहावा म्हणून ते माझ्याशी दिवसभर बोलायचे नाहीत. मला बोलवायला टाळी वाजवायचे. साडेपाचला दाढी करून, भांग पाडून फोनसमोर बसायचे, सात वाजले की उठायचे. मी त्यांच्याजवळ राहते, त्यांचं पथ्य बघते, आणि माझ्या वाट्याला टाळ्या. मला वाईट वाटलं नाही असं समजू नकोस.

सोमवारी सकाळी पाण्याचा पंप बघायला वायरमन आला. माझी डब्याशी झटापट बघून त्याने जरा वाकून दिवे पाहिले आणि सांगितलं, की मधला हिरवा आहे म्हणजे रेंज भरपूर आहे. उजवा लाल आहे, सिम बंद असणार, डबा डोक्यावर घेऊन फिरलात तरी चालायचा नाही. मी सिम काढलं आणि तडक दुकानात गेले. काउंटरवरच्या बाईंनी नंबर टाकला. सिम ज्याच्या नावावर आहे त्यानेच ते बंद करायला लावलं होतं, तीन आठवड्यांपूर्वी. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. नवीन सिम दुसऱ्या दिवशी सुरू होणार होतं, आणि बाबांना दुपारीच दाखल करायचं होतं. हॉस्पिटलमध्ये रेंज होती. मी तुला नऊ वेळा फोन लावला.

का केलंस, ते मला कळत नाही असं नाही. तो घोगरा, तुटणारा आवाज तुला ऐकवेना. आई आजारी असतानाही तू अंगणात उभा राहायचास, आत यायचं काम माझं. भीती वाटते म्हणाला असतास तर मी बाबांना सांभाळून घेतलं असतं, तुलाही घेतलं असतं. पण तू मला स्टुलावर चढवलंस. दिवे वाचून पोट भरणाऱ्या माणसाने बहिणीला दिव्याचा चुकीचा अर्थ सांगितला. आणि मी बाबांना काय सांगितलं? टॉवर बिघडलाय, धाकला तिकडेच राबतोय. तुझी लाज माझ्या तोंडाने झाकली, याचा राग मला सगळ्यांत जास्त आहे.

आता पत्राचं कारण. मंगळवारी सकाळी आत नेण्याआधी बाबांनी माझा फोन मागितला आणि मला खोलीबाहेर जायला सांगितलं. अकरा मिनिटं ते तुझ्याशी बोललेत. फोनमध्ये आवाज भरून ठेवलाय, मी ऐकलेला नाही. शुद्धीवर आल्यापासून रोज पाटीवर विचारतात, पाठवलंस का. मी नाही म्हणते. नवीन सिम चालू आहे, उजवा दिवा हिरवा आहे, एक बटण दाबलं की तुला मिळेल. ते बटण मी दाबणार नाही. तू ते न ऐकता ठेवून देशील आणि ऐकलं म्हणून सांगशील. पुढच्या शनिवारी ते घरी येतील. तू इथे यायचं, त्यांच्या खाटेवर बसायचं आणि त्यांच्यासमोर ते ऐकायचं. तू काय उत्तर देतोस ते त्यांना ऐकायचंय, त्यांचे कान शाबूत आहेत.

तुझीच, अजून रागावलेली,
ताई