साडूभाऊंचा हातोडा

शुक्रवार, मे १९७४
वाडी

साडूभाऊंची अक्कल आज पुन्हा दिसली. माझ्या जुन्या पिकअपचा पुढचा ब्रेक-ड्रम गंजून अडकला होता. मी म्हणालो, "आधी आतले ब्रेकचे शू ढिले करा, मग ड्रम निघतो."

"तू मले शिकवून राहिला का गा?" म्हणत त्यांनी हातोडा घातला. ड्रम तडकला. वर म्हणतात, "तीन चाकायले ब्रेक हाय ना! चाल उद्या कुहीले!"

कुहीला मेहुण्याचं वऱ्हाड न्यायचं, मागे बायका-पोरं बसणार, आणि हा शहाणा...

"मंग पहिले तुमचं लेकरू बसवा," म्हणालो.

संध्याकाळी साडूभाऊ सासऱ्यांना सांगत होते, ड्रम आधीच फुटलेला होता. असल्या माणसावर रागावायचं तरी काय? सासरे चप्पल घालून कुहीच्या एसटीची वेळ विचारायला निघाले.