रुस्तादची वारपट्टी

व्हेस्टबी, मिनेसोटा
४ मार्च १९५७

चि. हाल्वर यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या नाताळच्या पत्राला मार्चमध्ये उत्तर देते आहे, तेव्हा रागावण्याचा हक्क तुझा. पण ऑक्टोबरात बाबा गेल्यापासून कापडाचं दुकान माझ्या एकटीच्या गळ्यात आहे. आई दिवसभर वरच्या खिडकीशी विणकाम घेऊन बसते आणि कोण दुकानात शिरलं, कोण नुसतंच पुढे गेलं, ते मला जेवताना ऐकवते. सध्या पुढे जाणारेच जास्त आहेत.

झालं ते सांगते. यंदा दुकानाला पन्नास वर्षं होतात. जानेवारीत क्लेट नावाचा एक फिरता विक्रेता आला, हातात भली मोठी पेटी. दुकानाचं नाव छापलेल्या भेटवस्तू विकतो: पेन्सिली, राखदाण्या, पुठ्ठ्याचे पंखे. फार गुळगुळीत बोलायला लागला म्हणून मी त्याला पेटी दारातच ठेवायला लावली. म्हणाला, कॅलेंडर वर्षाने कचऱ्यात जातं, पेन्सिल तासता तासता तुमचं नाव संपतं, पण वारपट्टी दारामागे जन्मभर राहते. हे मला कुणी शिकवायला नको होतं. बाबांनी १९३१ साली फुकट वाटलेली लाकडी, छत्तीस इंची वारपट्टी अजून गावात घरोघरी आहे, शाळेत फळ्याखालीही आहे. 'रुस्तादकडे माप पूर्ण' हे लाल शब्द वाचतच इथली पोरं अक्षरं शिकली. म्हणून मी तशाच चारशे पट्ट्या करून घेतल्या, शब्दही तेच ठेवले, आणि चर्चच्या ल्युटफिस्क माशाच्या जेवणाला दारात उभी राहून वाटल्या. दुकानातली झिजलेली पट्टी आईने ठेवून घेतली आणि तिच्या जागी मी नवी ठेवली.

तिथून ग्रहण लागलं. महिला मंडळ गोधडी करतंय, प्रत्येकीने बारा इंची चौकोन घरून कापून आणायचे. जोडायला बसलो तर काही चौकोन पाव इंच मोठे. ज्यांचे मोठे, त्या सगळ्यांकडे माझी नवी पट्टी. गुंडा फॉसम अध्यक्ष आहे हे तुला सांगायला नको. तिने चष्मा काढून सगळ्यांदेखत मला विचारलं की, पट्ट्या स्वस्तात मिळाल्या का. त्याच आठवड्यात खिडक्यांचे तीन गुंडाळी पडदे परत आले. लोक घरून माप आणतात आणि मी डोळ्यांत तेल घालून कापते, तरी पडदे रुंद होतात, चौकटीत बसतच नाहीत.

मला त्या क्लेटचा संशय येतोय. सोबत एक नवी पट्टी पाठवली आहे. तू शाळेत सुतारकाम शिकवतोस, तुझ्याकडे पोलादी पट्टी असेल. मोजून लगेच कळव. मेरियनला आणि मुलांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो मापात ठेवू नकोस.

तुझी ताई,
बोर्गहिल्ड

*

डलुथ
११ मार्च १९५७

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझी पट्टी पोस्टाच्या मेहरबानीने अखंड पोचली. पोलादी पट्टीला लावून पाहिली, एकदा नाही, चारदा. छत्तीस म्हणजे छत्तीस इंच, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. तुझा क्लेट गुळगुळीत असेल, पण लबाड नाही. त्याची पेटी पुढच्या वेळी घरात घे.

आता माझा संशय सांगतो, रागावू नकोस. नवी पट्टी बरोबर आहे आणि जुनीशी जमत नाही, तर चूक कुणाची? आपल्या स्वयंपाकघराच्या दारावर बाबांनी पट्टी लावून माझी उंची सहा फूट आखली होती. त्रेचाळीस साली सैन्यात गेलो तर डॉक्टरने लिहिली पाच फूट साडेदहा. मी त्याच्याशी भांडलो. मागची पोरं तेव्हा इतकी हसली की आजही कुणी उंची विचारली तर माझ्या कपाळावर आठी पडते. चौदा वर्षं मी त्या डॉक्टरला शिव्या देतोय.

एक जुनी पट्टी पाठव. आईला काही सांगू नकोस. मेरियनने तुला लेफ्से पोळीची तिची कृती पाठवली आहे, ती तुझ्या कृतीपेक्षा चांगली आहे असं तिने मला लिहायला सांगितलंय. लोभ असू द्यावा.

तुझा (पाच फूट साडेदहा),
हाल्वर

*

व्हेस्टबी
१७ मार्च १९५७

चि. हाल्वर यास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस पेन हातात घेतलं नाही. बाबांचं आणि तुझं कधी पटलं नाही, ठीक आहे. पण माणूस जाऊन पाच महिने झाले नाहीत तर तू त्याला पट्टी लावायला निघालास? बाबा कापड कसं मोजायचे ते विसरलास का? दर वाराला पट्टीच्या टोकाशी अंगठा आडवा ठेवायचे आणि अंगठ्याच्या पलीकडे कात्री लावायचे. 'पेडर रुस्तादचा अंगठा' म्हणजे वरचं, फुकटचं माप. पाद्रीबाबांनी त्यांच्या दफनाच्या वेळी त्या अंगठ्याचं नाव घेतलं होतं. असा माणूस खोटी पट्टी वाटेल?

मी अंगठा ठेवत नाही, हे खरं आहे. बाबांचा तो मान, मी कोण, असं वाटलं. तर आता गावात बोललं जातंय की बापाबरोबर अंगठाही गेला. आणि पडदे. इथे सगळ्यांना ठाऊक आहे की शिकागोहून टपालाने मागवलेले पडदे कधीच बसत नाहीत, नेहमी रुंद येतात. म्हणून तर पंचवीस वर्षं लोक पडद्याला आपल्याकडे आले. आता माझेही रुंद निघतात, तेव्हा मी शिकागोचाच माल लेबल काढून विकते असं गुंडाबाई सांगत फिरते आहे. काल तर शिकागोच्या मालाची सूचीपुस्तकं पोस्टात उघड्यावर पडली होती. पूर्वी लोक ती कोटाखाली लपवून न्यायचे. असंच चाललं तर उन्हाळ्यापर्यंत मला दुकानाला कुलूप घालावं लागेल, आणि हे दुकान सोडून मला दुसरं काही येत नाही.

तुझं तोंड बंद व्हावं म्हणून कोठीतली जुनी पट्टी पाठवते आहे. मोज आणि माफी माग.

बोर्गहिल्ड

*

डलुथ
२४ मार्च १९५७

ती. ताईस सा. न. वि. वि.

माफी मागितली असती तर मलाच बरं वाटलं असतं. पट्टी पाऊण इंच आखूड आहे. झिजलेली नाही, टोकं शाबूत आहेत. आकडेच दाटीने छापलेत, पहिल्यापासून शेवटपर्यंत. कारखान्यातून निघाली तीच अशी.

ताई, आता शांतपणे बैस आणि वाच. आखूड पट्टीने खिडकी मोजली की आकडा मोठा येतो. तो आकडा शिकागोला कळवला की पडदा रुंद येणारच. तोच आकडा बाबांकडे आणला की बाबा त्याच आखूड पट्टीने कापणार आणि पडदा चपखल बसणार. म्हणजे शिकागोवाले पंचवीस वर्षं बरोबर मापाचे पडदे पाठवत होते आणि सगळं गाव त्यांना चोर म्हणत होतं. अशी जाहिरात क्लेटच्या पेटीतही नसेल.

बाबांना माहीत नव्हतं असं तू म्हणशील. मीही रात्रभर तेच म्हणून पाहिलं. पण अंगठा किती रुंद असतो? मी माझा मोजला, पाऊण इंच. बाबा कापडाला अंगठा ठेवायचे. पडद्याला कधी ठेवलेला आठवतो का तुला? मला नाही आठवत. कापडाला ठेवायचा आणि पडद्याला नाही, हे ज्याला कळत होतं त्याला सगळंच कळत होतं.

मी आनंदाने लिहीत नाही, एवढा विश्वास ठेव. पण गावाला खरं सांगितलंस तर तुझं दुकान वाचेल. नाही सांगितलंस तर बाबांचं नाव वाचेल. दोन्ही कसं वाचवायचं ते मला दिसत नाही. लोभ कमी करू नये.

हाल्वर

*

व्हेस्टबी
२९ मार्च १९५७

हाल्वर,

पडद्याला अंगठा नव्हता. मी डोळे मिटून दहा वेळा आठवून पाहिलं. नव्हता.

तुझ्याकडची पट्टी चुलीत घाल. मी नव्या पट्ट्या परत मागवते आणि त्याच खोट्या होत्या असं सांगते. क्लेटचं नाव खराब होईल, पण त्याचं इथे कोण आहे? आईला यातलं काही कळता कामा नये. ती बाबांची दुकानातली पट्टी उशाशी घेऊन झोपते.

मी बाबांवर रागावले आहे आणि ते बोलायला कुणी नाही म्हणून तुला लिहिलं.

बोर्गहिल्ड

*

व्हेस्टबी
६ एप्रिल १९५७

चि. हाल्वर यास आईचे अनेक आशीर्वाद.

अक्षर वाकडं आहे, सांभाळून घे. तुझं २४ तारखेचं पत्र बोर्गहिल्डच्या एप्रनच्या खिशात होतं. धुवायला टाकण्याआधी मी खिसे बघते, तसं ते सापडलं आणि वाचलं. ती आठ दिवस माझ्याशी हवापाण्यावरच बोलत होती, तेव्हा कुठेतरी पाणी मुरतंय हे मला कळलंच होतं.

तुम्ही दोघं तुमच्या बाबांचा हिशेब करता आहात, तर नीट करा. पट्ट्या आल्या तेव्हा बँक बंद पडली होती आणि दुकानात दिवसाला दोन गिऱ्हाइकं यायची. मी अधीर झाले आणि खोकी फोडून त्याच रविवारी चर्चच्या दारात पट्ट्या वाटून टाकल्या. सोमवारी बाबांनी त्या पट्टीने कापड मोजलं तर माप जमेना. मागच्या खोलीत उरलेली एकेक पट्टी दुकानाच्या जुन्या, खऱ्या मापाच्या लोखंडी गजाला लावून बघत बसले होते. सगळ्या तशाच. ते घरोघर जाऊन परत आणायला निघाले होते, कोट अंगात घातला होता. मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, जो दुकानदार फुकट देतानाही आखूड देतो त्याच्याकडे विकत घ्यायला कोण येईल? त्यांनी कोट काढला. गज परत बाहेर काढला असता तर लोकांनी कारण विचारलं असतं, म्हणून दुकानातही तीच पट्टी राहिली आणि त्या दिवसापासून तो अंगठा. कुणाचं कापड कमी जाऊ नये म्हणून. लोकांनी त्याला दिलदारी म्हटलं तेव्हा त्यांना ती शिक्षाच वाटायची.

पडद्यांचं पुढे कळलं. पहिला पडदा गुंडा फॉसमचा. तिने शिकागोला दोन पानी पत्र लिहिलं आणि ते कौतुकाने दुकानात वाचून दाखवलं. बाबा वर आले आणि जेवले नाहीत. पण बोलले असते तर सगळंच बोलावं लागलं असतं. आम्ही मूग गिळून बसलो. शिकागोला सगळं गाव नावं ठेवायचं, त्यात तुमच्या बाबांचा शब्द कधी ऐकलात का? आठवून बघा.

क्लेटच्या माथी काही मारू देणार नाही. एकदा शिकागोच्या परक्या लोकांवर आळ येऊ दिला, तेवढा पुरे. मंगळवारी मंडळ भरतं, तिथे मी बोलणार आहे. त्यांचं नाव मी दारात उभी राहून वाचवलं, आता माझ्या तोंडून गेलं तर जाऊ दे. पोरीचं दुकान जाता कामा नये.

गरम कपडे घालत जा. लोभ माझा आहेच, तुझा दोघींवर राहू दे.

तुझी आई,
रागना

*

व्हेस्टबी
१४ एप्रिल १९५७

चि. हाल्वर यास अनेक आशीर्वाद.

आई बोलली. मला आदल्या दिवशी काही सांगितलं नाही. कॉफीच्या वेळी बाबांची पट्टी हातात घेऊन उभी राहिली आणि तुला लिहिलं ते सगळं, कोट काढण्यासकट, सांगून खाली बसली. बोलताना तिचा आवाज कापला नाही. कुणी कप उचलला नाही की ठेवला नाही. मग गुंडाबाई उठली आणि तळघराचं दार दुरुस्त करणाऱ्या नेल्स सुताराकडून त्याची घडीची पट्टी मागून आणली. तिने स्वतः मोजलं. पाऊण इंच. नेल्स दारातून हळूच म्हणाला की, त्याला एकतीस सालापासून माहीत आहे, म्हणून तो ती पट्टी रंग ढवळायला वापरतो. इतकी वर्षं बोलला का नाहीस असं सगळ्यांनी विचारलं. तर म्हणे, कुणी विचारलं नाही.

त्यानंतर सगळ्या कॉफी तशीच टाकून घरी गेल्या. मला वाटलं, संपलं. बुधवारी मी दारावर पाटी लावली: जुनी पट्टी आणा, नवी न्या. दोन दिवसांत अकरा आल्या. बाकीच्यांनी ठेवून घेतल्या. खिडक्या त्याच पट्टीच्या आहेत, पोरांच्या उंचीच्या खुणाही त्याच पट्टीच्या आहेत, आता कुठे बदलत बसायचं, असं त्यांचं म्हणणं. मी आता गिऱ्हाइकाला आधी विचारते, कुठल्या पट्टीने मोजलंत. तुझी खूण मी खोडायला निघाले होते, आईने हात धरला.

शुक्रवारी गुंडाबाई दुकानात आली. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा. तीन वार चौकडीचं कापड मागितलं. मी नव्या पट्टीने पहिला वार मोजला, कात्री लावली, तर तिने कापडावर हात ठेवला, उचलेना. म्हणाली, अंगठा. मी समजावलं की बाबांचा अंगठा आखूड पट्टीची भरपाई होती, नवी पट्टी पूर्ण आहे, आता अंगठ्याची गरज नाही. तिने मला शेवटपर्यंत बोलू दिलं. मग म्हणाली की, ते तिला मंगळवारीच समजलं. शिकागोला दोन पानं तिनेच लिहिली होती, आता माफीचं एक पान लिहायला घेतलंय, तेव्हा अक्कल शिकवू नकोस. पट्टी नवी असू दे, पण अंगठा ठेव.

मी अंगठा ठेवला. माझा बाबांपेक्षा बारीक आहे, हेही तिने बोलून दाखवलं. तिन्ही वार झाल्यावर तिने पिशवीतून स्वतःची जुनी पट्टी काढली, मग माझी घेतली, आणि दोन्हींनी कापड मोजून पाहिलं. मग घडी घालून निघून गेली.

ती गेल्यावर मी बराच वेळ अंगठ्याकडे बघत बसले. छत्तीस इंच पुरे झाल्यावर त्याच्या पुढचं ते बोटभर कापड. सव्वीस वर्षांत रुस्तादच्या दुकानातून कुणाला जास्तीचं असं काही गेलं ते शुक्रवारी पहिल्यांदा.

आई खिडकीशी आहे. काल आत शिरणारे सात मोजले म्हणाली. उन्हाळ्यात सगळे या. लोभ आहे, वर अंगठाभर जास्त.

तुझी ताई,
बोर्गहिल्ड