कडुलिंबावरची घंटा

आई, परवा देवळात उपदेश चालू असताना मला हसू फुटलं आणि पाळकसाहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ऐंशीच्या घरातल्या बाईला हे शोभत नाही, कबूल. पण विषय देवाची वाट पाहण्याचा निघाला आणि मला आपल्या कडुलिंबाला टांगलेला तो रुळाचा तुकडा आठवला.

पंचावन्न सालच्या आसपासची गोष्ट. बाबांना कारखान्यात नोकरी लागली म्हणून नगरकडचं गाव सोडून आपण पिंपरीला आलो. वसाहतीत ख्रिस्ती घर आपलं एकटंच, निदान आपली तशी समजूत. गावी रविवारी देवळाची घंटा तीनदा व्हायची: पहिलीला आंघोळ, दुसरीला कपडे, तिसरीला देवळात. इथं देऊळ नाही म्हणून घंटाही नसावी, हे काही तुला पटेना. देहूरोडच्या भंगारातून बाबांना रुळाचा तुकडा आणायला लावलास आणि दर रविवारी हातोडीनं तिन्ही घंटा ठोकू लागलीस. मग सतरंजी उलगडायची, तीही सगळी. बसणारे आपण तिघं! मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. बाबा म्हणायचे, “अगं, अर्धीच पसर, झटकायला सोपी.” तू म्हणायचीस, “आणि आलेल्या माणसाला भुईवर बसवू?” दोन वर्षं कुणी आलं नाही. शेवटी बाबांचा धीर सुटला. “या नाताळपर्यंत बघू. नाहीतर रविवारी गाडीनं खडकीच्या देवळात जात जाऊ, आणि ही घंटा उतरवून ठेव.” तू मान हलवलीस, पण भाकरी थापताना तुझे ओठ हलत होते. तू देवाशी भांडत होतीस, हे मला कळत होतं.

नाताळच्या आधीचा रविवार. तू तापानं फणफणली आहेस, बाबा ओव्हरटाइमला गेलेत. “तिन्ही घंटा वाजव हं,” असं बजावून तू डोळे मिटतेस. मी हातोडी घेऊन बाहेर येते, तर शेजारच्या ओट्यावर सागरगोट्यांचा डाव मांडलेला. झालं, मी घंटा विसरले. एकही वाजली नाही. बऱ्याच वेळानं बघते तो आपल्या दाराशी माणसं! पिंपळे गुरवहून दूध घालायला येणारी म्हातारी सगळ्यांत पुढं. “पोरी, आज घंटा न्हाई वाजली? तुजी आय बरी हाय न्हवं?” तिच्यामागं नळावरच्या बायका, ज्या तुझ्या दुसऱ्या घंटेला हंडे घेऊन निघायच्या. आणि पार मागं पलीकडच्या चाळीतलं जालन्याचं जोडपं, बाई आजारीच असणार असं धरून हातात पेजेचं पातेलं घेऊन आलेलं. तापाचं कळताच सगळी आत शिरली.

तुला जाग आली. भरलेली खोली पाहिलीस आणि ताप बाजूला ठेवून उठून बसलीस. “अगं, बघतेस काय, सतरंजी पसर! सगळी!” बिचारी माणसं आजाऱ्याला भेटायला आली आणि भिडेपोटी उपासनेला बसली. तू घोगऱ्या आवाजात गीत धरलंस, तर दुसऱ्या ओळीला मागून दोन आवाज मिळाले. जालन्याच्या त्या दोघांना सगळं गीत तोंडपाठ! “अहो, मग इतके दिवस आला का नाहीत?” तू विचारलंस. तो गृहस्थ ओशाळला. “बाई, न बोलावता दुसऱ्याच्या घरी कसं यावं? तुमची तिसरी घंटा झाली की आम्ही आमच्या खोलीत प्रार्थनेला बसायचो. आज मात्र...” मी झटकन मध्येच विचारलं, “चहा ठेवू का?”

बाबांनी पुन्हा खडकीचं नाव काढलं नाही. आपलं घर आणि त्या जोडप्याचं, या दोन घरांची पुढं ख्रिस्ती मंडळी झाली. आणि तू जन्मभर साक्ष देत राहिलीस, “मी अंथरुणावर होते. माझ्या लेकीनं घंटा वाजवली आणि प्रभूनं माणसं पाठवली.” दर वेळी मी पायाच्या बोटांकडे बघत बसायची.

माणसं आली ती घंटा वाजली नाही म्हणून, आई. पण दोन वर्षं तू एकही रविवार चुकवला नसताना त्या दिवशी ती वाजली नाही, म्हणून त्यांना चुकल्यासारखं वाटलं. देवानं तुझंच ऐकलं, माझा आळस फक्त कामाला लावला. हे ऐकून तू आधी माझा कान पिळला असतास आणि मग पोट धरून हसली असतीस. त्या हसण्याची मला फार आठवण येते.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, तुझ्या बायबलात ठेवून देते. पण लिहायलाच बसले आहे तर पुरतं लिहिते. घंटा मी विसरले नव्हते. हातोडी माझ्या मांडीशीच होती. नाही तरी कोण येणार आहे, असं मनात म्हटलं आणि सागरगोटा वर उडवला.