बिना सहीचं पत्र

८ नोव्हेंबर १९६४. रविवार, सकाळी आठ.
आधी माफी. ह्या कागदावर ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका निघतीन, अन् टाइप मी लय हळू करतो. हे कोनी वाचनार नाही, पन मशीन क्लासाची हाय, मनून माफी मागून ठेवतो. मशीनचाबी थोडा दोष हाय. तिचा ळ ओळीत बसत नाही, वर चढते.
राजापेठेतल्या टाइपिंग क्लासात जाऊन एक महिना झाला. मास्तर मने, जानराव, मिनिटाले तीस शब्द पाह्यजेत, तुझे सात होतात, त्यातले तीन वाचता येतात. पन दिवाळी आताच झाली, आता सरावाले मोकळाच हाय. संक्रांतीपर्यंत तीस होतीन.
मी नववीत शाळा सोडली असं लोक मन्तात. सोडली नाही. सरांनी उभं राहून धडा वाचाले सांगतला, त्या दिवशी मी घरी आलो. मंग उद्या जाऊ, उद्या जाऊ करता करता दोन वर्सं झाली.
ठराव. भगवंताच्या हॉटेलात हॉकीच्या गोष्टी चालतात, तिथं आता मुकं बसाचं नाही. आठवड्याले एक वाक्य बोलाचं.

१० नोव्हेंबर. मंगळवार.
आपला राजापेठ क्लब पुन्हा हरला. तीन मॅची, तीन हार.
टोकियोत आपल्या लोकायनं सोनं आनलं तेव्हापासून हॉटेलात जो तो हॉकीतला मास्तर झाला. सायकलवाला ओमप्रकाश मने, आपला सेंटर फॉरवर्ड देवीदास आता थकला. बॉल बाजूनं चालला की हा त्याले रामराम घालते, मने, अन् जाऊ देते. सारे हासले. मीबी हासलो. हासाचं नव्हतं. देवीदासभाऊ आमच्या शेजारी राह्यते. मले स्टिक धराले त्यानंच शिकवलं. पन मी हासतो तेव्हा आवाज होत नाही, मनून ते मोजत नाहीत.
ओमप्रकाश मने, अकोल्याच्या सहदेवले आना. तिथं कापसाच्या जिनिंगात कामाले हाय, एका मॅचीत पाच गोल मारतात पठ्ठे. भगवंत चहा गाळता गाळता मने, पाच नाही, सहा. एकानं इचारलं, तुमी डोळ्यानं पाह्यलं काय? ओमप्रकाश मने, पाहाले काहून लागते बावा? अकोल्यातलं पोट्टं पोट्टं सांगते.
भगवंत मने, पन येईन कसा? नोकरी देल्याबिगर खेळाडू गाव सोडत नाही. पोलिसात घ्या, गिरनीत घ्या, कुठंबी घ्या, जिथं नोकरी तिथं त्याची स्टिक.
माझं वाक्य तयार होतं. सहदेवले पत्र लिहा. पन ओठापर्यंत आलं तोवर गोष्ट गोलकीपरवर गेलती. ह्या आठवड्याचं वाक्य पुढच्या आठवड्यात दोन करून बोलीन.

१३ नोव्हेंबर. शुक्रवार.
क्लबचे सेक्रेटरी खुशालरावशेट, संत्र्याच्या वखारीवाले. त्यायनं मॅचीची यादी टाइप कराले क्लासात धाडली. मास्तरनं ती मले देली. कागद क्लबचे, छापील, खाली शिक्का मारलेले. यादी झाल्यावर दोन कोरे उरले.
वाया जाऊ नये मनून सराव केला. असा:
‘श्रीयुत सहदेव यांस, आपण नामांकित खेळाडू आहात. आपणांस राजापेठ क्लबात सेंटर फॉरवर्डची जागा व सेक्रेटरींच्या वखारीत पेट्या भरण्यावर मुकादमाची जागा देण्यात येत आहे. तरी ताबडतोब निघावे.’
एकबी चूक नाही. ळ वर चढला तेवढाच. माझं आजवरचं सगळ्यात चांगलं काम. सही केली नाही. बिना सहीचं पत्र मंजे सरावच असते.

१४ नोव्हेंबर. शनिवार.
पाकिटावर पत्ता टाइप कराचाबी सराव झाला. सहदेव, हॉकीवाले, जिनिंग, अकोला. बाबानं मामाच्या पत्रासाठी तिकीट आनलं होतं, ते त्या पाकिटाले चिकटलं. चिकटलेलं तिकीट निंगत नाही. मनून पाकीट टपालाच्या डब्यात टाकलं.
टाकल्यावर हात घातला. मनगटापुढं जात नाही.
असल्या पत्त्यावर पोचनार थोडंच हाय.

१५ नोव्हेंबर. रविवार.
वखारीत मुकादमाची जागा एकच हाय. तिथं देवीदासभाऊ हाय.
हे मले माहीत होतं. पन टाइप करताना कोनती तरी नोकरी लिहावी लागत होती, अन् मले तीच एक ठाव. लहानपनापासून देवीदासभाऊले पेटीत तनसाचं वाळलं गवत अंथरताना, संत्री मोजून बसवताना पाह्यलं. दुसरी नोकरी सुचलीच नाही.
ठराव. पत्र पोचलं असं कळलं तं लगेच सांगाचं. नाही कळलं तं काहून सांगाचं?

२३ नोव्हेंबर. सोमवार.
पोचलं.
सहदेव ट्रंक अन् स्टिक घेऊन भगवंताच्या हॉटेलापुढं उतरला. मानूस मोठा नम्र, साऱ्याइले हात जोडले. खुशालरावशेटले बोलावनं गेलं. शेटनं पत्र दोनदा वाचलं अन् मने, म्या कधी लिहिलं बुवा? ओमप्रकाश मने, शेटजी, इसरले असान. कागद तुमचा, शिक्का तुमचा, अन् मोठेपनाबी तुमचाच! साऱ्याइनं टाळ्या वाजवल्या. शेटनं भवताल पाह्यलं, मिशीवर हात फिरवला, मने, हो हो. मीच लिहिलं.
मंजे पत्र आता त्यायचं झालं. मी सुटलो.
आईनं भरीत केलं होतं. गेलं नाही.

२६ नोव्हेंबर. गुरुवार.
देवीदासभाऊले वखारीतून काढलं. ओट्यावर स्टिकले तेल लावत बसला होता. मने, जान्या, पंधरा वर्सं पेट्या ठोकल्या, शेटनं तोंडानं सांगतलंबी नाही. माझ्या हातातला हातोडा घेतला अन् त्या पाव्हन्याच्या हातात देला. बस. पार्बतावहिनी आतून मने, तुमीच शिकवा आता त्याले खिळे ठोकाले, ते एक बाकी हाय. भाऊ मने, शिकवून आलो. त्याचा काय दोष हाय? त्याले पत्र आलतं.
मी पानी मागतलं. वहिनीनं गुळाचा खडाबी देला. तो मी खिशात ठेवला.
उद्या सांगतो.

२७ नोव्हेंबर. शुक्रवार.
घसा बसला.

२८ नोव्हेंबर. शनिवार.
घसा बरा हाय. पन भाऊ घरी नव्हता. होता, पन जेवत होता.

६ डिसेंबर. रविवार.
सहदेवची पहिली मॅच. सारं राजापेठ मैदानावर. शून्याले चार हरलो.
मानूस उभा लय झकास राह्यते. पळत नाही. बॉल पायाशी आला तं हानते, दोन हात दूर असला तं त्याच्याकडं पाहात राह्यते. मॅच झाल्यावर ओमप्रकाशनं इचारलं, काहून हो, पाच गोल मारनारे तुमीच ना? सहदेव मने, मारलते, पन मंग गुडघा गेला, त्याले दोन वर्सं झाली. मले वाटलं तुमाले माहीत असंन. अकोलेवाल्याइनं तं मले हार घालून गाडीत बसवलं.
हॉटेलात कोनी चहाबी मागे ना. मंग ओमप्रकाश मने, मी तं पहिलेपासून मनत होतो, देवीदास बरा. भगवंत मने, मीबी. सारे मने, शेटले कोनं ही अक्कल देली?
आज बोलाले लय जागा होती. मी दोन चहा पेलो.
सांगतलं तं सहदेवची नोकरी जाईन. त्याले तीन लेकरं हायत. नाही सांगतलं तं देवीदासभाऊची गेलीच हाय. मनून न सांगन्यात एकाचंच नुकसान होते. हा हिशोब बरोबर हाय. चारदा करून पाह्यला.

९ डिसेंबर. बुधवार.
देवीदासभाऊ क्लासात आला. मने, जान्या, एक अर्ज मारून दे. अकोल्याच्या जिनिंगात त्या सहदेवची जागा रिकामी हाय, अन् त्यायच्या टीमलेबी मानूस पाह्यजे. मी मनातल्या मनात उडी मारली. आता सारं भरून निंगते! दहाही बोटं लावली. मास्तर मने, आज मिनिटाले बावीस.
‘अर्जदार हा जुना खेळाडू असून पेट्या भरण्याच्या कामाची माहिती आहे.’
भाऊनं कागद उजेडात धरला. वाचलं. मंग एका जागी अंगठा ठेवला. मने, जान्या, ह्या मशीनचा ळ वर चढते काय?
मी मनलं, हो.
मने, त्या पाव्हन्याच्या पत्रातबी चढला होता. खिळे शिकवताना त्यानंच मले दाखवलं होतं ते.
पंखा फिरून राहिला होता. मास्तर बाजूच्याले मार्जिन समजावत होते. भाऊनं सही केली, कागदाची बरोबर घडी घातली. मने, चांगलं टाइप करतं तू. एकबी चूक नाही. अन् गेला.
हे त्यानं रागानं मनलं नाही. रागानं मनाले पाह्यजे होतं.

१९ डिसेंबर. शनिवार.
भाऊले अकोल्याची नोकरी लागली. उद्या सकाळच्या मोटारीनं घर हालवते. पत्र कसं टाइप केलं, काहून केलं, सारं मी क्लबच्या त्या उरलेल्या दुसऱ्या कोऱ्या कागदावर टाइप केलं. दीड पान. खाली सहीबी केली. उद्या हातात देतो. ह्या वेळेस पक्कं.

२० डिसेंबर. रविवार, दुपारी.
मोटार स्टँडवर गेलतो. वहिनी आतमंदी गाठोड्याइवर बसली होती. भाऊ खालीच उभा होता. मी खिशातून कागद काढला. त्यानं तो पाह्यला, घेतला नाही. मने, जान्या, हे तोंडानं सांग. टाइप केलेलं मले नको.
मी तोंड उघडलं.
कंडक्टरनं घंटी देली. भाऊ थोडा वेळ थांबला. लोकं ओरडाले लागले तरी थांबला. मंग त्यानं आपली जुनी स्टिक माझ्या हातात देली अन् चढला. मोटार बडनेऱ्याच्या रस्त्याले लागली तेव्हा माझ्या तोंडून निंगालं, भाऊ, ते मी लिहिलं. बाजूले मोसंबीवाली होती. ती मने, काय पाह्यजे बाबू, मोसंबी?
स्टिक दाराआड ठेवली हाय. तिचा दांडा अजून तेलकट हाय.
आईच्या म्हशीले आज पिल्लू झालं, वगार. कपाळावर पांढरा ठिपका हाय.