दम खा

अण्णा, परवा वाकडच्या तपासणी केंद्रात मला त्या बोगद्यासारख्या मशीनमध्ये घातलं. पोटात गाठ दिसलीय, ती कसली आहे ते बघायचं होतं. हात डोक्यावर, पोटावर पट्टा, नाकापासून वितीवर छत. गेल्या आठवड्यात घाबरून मी मध्येच हातातला रबरी फुगा दाबला होता, मग त्यांनी मला बाहेर काढलं. याही वेळी तेच होणार असं वाटत होतं. थोड्या वेळाने हात माझे राहिलेच नाहीत. पाय कुठे संपतात कळेना. हेडफोनमधून मुलगी सांगायची, "मॅडम, श्वास रोखून धरा," आणि श्वास रोखला की उरलीसुरली मीही नाहीशी व्हायची. बोटं फुग्यावर आवळली आणि तो स्वेटर आठवला.

कुरुळीची आपली खोली. तुम्ही रात्रपाळीवरून आलेले, ओट्याला टेकून दमा आवरताय, दर श्वासाला शिट्टी. मी शाळेच्या जुन्या, आखूड झालेल्या स्वेटरमध्ये अडकलेय, दोन्ही हात वर, तोंडावर लोकर. किंचाळतेय. तुम्ही ओढून काढत नाही, माझ्या पोटावर तळवा ठेवता. "दम खा की गं. कुठं पळायलीस? आधी पोट हालू दे. मग कळतंय हात कुठं हायेत ते." मला असा राग आला होता. स्वतःला धड दम घेता येईना आणि मला म्हणे दम खा. पण तळव्याखाली पोट हललं, मग पाठ सापडली, खांदे सापडले, कोपरं सापडली आणि डोकं बाहेर आलं.

मशीनमध्ये मुलगी "सोडा" म्हणाली की मी तसंच पोट हलू द्यायचे. तळवा मात्र नव्हता. फार आठवण आली तुमची. डोळ्यातलं पाणी कानात गेलं, पुसता येईना. पण तपासणी पुरी झाली. रिपोर्ट उद्या आहे. तोवर या बाराव्या मजल्यावरही मी त्या बोगद्यातच आहे. नवरा म्हणतो, "होईल गं सगळं नीट," आणि मी मान हलवते.

तुम्ही गेलात, हे पत्र आता कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून सांगते. माझी फुप्फुसं स्वच्छ आहेत. तरी मशीनमध्ये श्वास सोडताना मी घशातून तुमची ती शिट्टी काढत होते. बाहेर आल्यावर मुलीने विचारलं, "मॅडम, तुम्हाला दमा आहे का?"

मी हो म्हणाले.